छातीतली जळजळ, आंबट ढेकर आणि घशाशी येणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पित्त, अ‍ॅसिडिटी आणि रिफ्लक्स हे सगळं एकच ना?

नाही. आपल्याकडे "पित्त झालंय" हे एकच वाक्य चार निरनिराळ्या तक्रारींसाठी चालतं. अंगावर खाजणाऱ्या लाल गांधी उठतात, तेही पित्त. ती बरेचदा अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया. अर्धं डोकं ठणकतं, उजेड नकोसा होतो आणि उलटी झाली की हायसं वाटतं, तेही पित्त. हे बहुतेक वेळा मायग्रेन असतं. रिकाम्या पोटी उलटीतून पिवळं-हिरवं कडू पाणी पडतं, तो यकृतातून येणारा पित्तरस. आणि चौथी तक्रार म्हणजे छातीच्या मधोमध जळजळ, करपट ढेकर, वाकलं की घशाशी आंबट येणं. ही चौथी तक्रार म्हणजे अ‍ॅसिड रिफ्लक्स, आणि हे पान तेवढ्यापुरतंच आहे.

हा फरक आधी कळायला हवा, कारण चौघांचे उपाय वेगळे आहेत. महिन्यातून दोनदा "पित्ताने डोकं उठतं" म्हणून वर्षानुवर्षं अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घेणारे लोक पुष्कळ आहेत. त्यांना मायग्रेनचे उपचार मिळाले तर निम्मा त्रास तिथेच संपेल.

रिफ्लक्समध्ये नेमकं होतं काय?

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची एक कडी असते. बटव्याची नाडी ओढल्यासारखी ती एरवी आवळलेली असते, घास आला की सैल होते आणि पुन्हा मिटते. जठरातल्या आम्लाचा पीएच (आम्लता मोजायचं माप; आकडा जितका लहान तितकं आम्ल तीव्र) साधारण १.५ ते ३.५ असतो. जठराला आतून जाड बुळबुळीत थराचं संरक्षण असतं, अन्ननलिकेला ते नसतं. कडी नको त्या वेळी सैल पडली की आम्ल वर येतं आणि जळतं.

म्हणजे बहुतेकांच्या पोटात आम्ल "जास्त" झालेलं नसतं. ते चुकीच्या जागी पोचलेलं असतं. कडी सैल पडण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे जठर ताणलं जाणं, मग ते अन्नाने असो, हवेने असो की सोड्याच्या फेसाने. पोटावर बाहेरून दाब आला तरी हेच होतं. काहींच्या बाबतीत जठराचा वरचा भाग छातीच्या पडद्यातून थोडा वर सरकलेला असतो, त्याला हायटस हर्निया म्हणतात. त्यांची कडी मुळातच कमजोर असते.

जेवणानंतर आणखी एक गोष्ट घडते. खाल्लेलं अन्न जठरातलं बरंचसं आम्ल शोषून घेतं, पण नव्याने सुटलेलं आम्ल अन्नाच्या वर, कडीच्या अगदी खाली, थर धरून बसतं. त्यामुळे जळजळ जेवताना कमी आणि जेवल्यावर अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत जास्त होते. या दोन तासांत तुम्ही बसलेले आहात, वाकलेले आहात की आडवे झालेले आहात, यावर बरंच काही ठरतं.

तिखट, तेलकट सगळं सोडलं, तरी त्रास का जात नाही?

कारण ताटातून मिरची गेली, पण जेवण रात्री साडेदहालाच राहिलं. आमच्या मते या विषयात सर्वांत जास्त वेळ "काय खाऊ नये" या यादीवर वाया जातो. कधी जेवलात, एका बैठकीत किती जेवलात आणि जेवल्यावर किती वेळाने आडवे झालात, या तिन्हींचा परिणाम बहुतेकांच्या बाबतीत पदार्थांपेक्षा मोठा असतो. फिक्की खिचडीसुद्धा दोन ताटं भरून खाऊन लगेच झोपलात तर घशाशी येणारच.

रात्रीचं जेवण आणि झोप यात किती अंतर हवं?

तीन तास. अकराला झोपत असाल तर शेवटचा घास आठच्या आत. नंतरचं दूध, आइस्क्रीम, टीव्हीसमोरचा चिवडा हेही जेवणातच धरायचं.

आठला जेवणं शक्यच नाही. लोकलने घरी पोचायलाच साडेनऊ होतात. मग?

मग जेवणाचे दोन भाग करा. साडेसहा-सातला ऑफिसात किंवा स्टेशनवर जाण्याआधी खरं जेवण उरका: डब्यात सकाळीच जास्तीची एक पोळी-भाजीची गुंडाळी ठेवा, किंवा दोन इडल्या, किंवा दडपे पोहे. त्या वेळी वडापाव घेतलात तर या योजनेचा उपयोग नाही. तळलेलं जठरात जास्त वेळ रेंगाळतं आणि नऊ वाजता भूकही लागतेच. घरी आल्यावर वाटीभर मऊ वरणभात किंवा ताकभात एवढंच घ्यायचं. असं हलकं थोडं खाल्लेलं दीड-दोन तासांत बरंच पुढे सरकतं.

चूक होते ती इथे: सातचं खाणं होतं, पण घरी आल्यावर "सगळे बसलेत" म्हणून पूर्ण ताटही होतं. मग एका जेवणाऐवजी दोन जेवणं झाली. सवय लागेपर्यंत घरच्यांना आधीच सांगून ठेवा, आग्रह त्यांच्याकडूनच होतो.

रात्रपाळीवाल्यांनी घड्याळ उलटं लावायचं. सकाळी सातला घरी येऊन भरपेट नाश्ता आणि लगेच झोप, हा त्यांचा "साडेदहाचा भात" आहे. मुख्य जेवण कामाच्या आधी, पहाटे चारच्या सुमारास हलकं खाणं, आणि घरी आल्यावर फार तर एक केळं.

एका वेळी किती खावं?

रात्रीचं माप असं धरा: दोन फुलके किंवा एक मध्यम भाकरी, एक वाटी वरण, एक वाटी भाजी, हवाच तर अर्धी वाटी भात. यावर पोट भरत नसेल तर संध्याकाळचं खाणं वाढवा, रात्रीचं नको. जेवताना पाणी घोट-घोट प्यायला हरकत नाही. तांब्याभर पाणी जेवणावर रिचवणं मात्र टाळा, जठर त्यानेही ताणलं जातं.

तेलाचा हिशेब महिन्यावर करा, रोज चमचे मोजणं कुणाच्याने होत नाही. चौघांच्या घरात महिन्याला २ लिटर तेल लागत असेल तर माणशी दिवसाला १६-१७ मिली पडतं, ते ठीक. तेच ४ लिटर असेल तर फोडणी, तर्री आणि तळण यांकडे बघायला हवं. जास्त स्निग्ध जेवण जठरातून उशिरा पुढे सरकतं, आणि स्निग्धामुळे कडीही सैलावते.

वामकुक्षी चालते का?

हा शब्द घडवणाऱ्यांनी नेमकी कूस सांगून ठेवली आहे: वाम म्हणजे डावी. डाव्या कुशीवर झोपलं की जठराचा फुगीर भाग खाली राहतो आणि कडी आम्लाच्या पातळीच्या वर येते. उजव्या कुशीवर झोपल्यावर नेमकं उलट होतं, आम्ल कडीवर साचतं. रात्रीही हाच नियम. रात्रीत कूस बदलतेच, पण सुरुवातीचे दोन-तीन तास डाव्या कुशीवर गेले तरी फरक पडतो. उजवीकडे वळू नये म्हणून पाठीमागे लोड ठेवतात.

दुपारी जेवल्या जेवल्या मात्र डाव्या कुशीवरही आडवं होऊ नका. आरामखुर्चीत वीस मिनिटं टेकून डोळे मिटणं जास्त चांगलं. आधी दहा-पंधरा मिनिटं शतपावली झाली तर उत्तमच, पण ती रमतगमत. जेवल्यावर झपाझप चालण्याने त्रास वाढतो.

दोन उशा घेऊन झोपतो, तरी पहाटे घसा जळतो. का?

उशांनी फक्त मान आणि खांदे वर जातात. शरीर कमरेत मुडपतं, पोटावर दाब येतो आणि आम्ल उलट वर ढकललं जातं. उचलायचं आहे ते कमरेपासून वरचं अख्खं धड, सरळ उतारावर.

पाय असलेला पलंग असेल तर डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली ६ ते ८ इंचांचे लाकडी ठोकळे द्या. विटा वापरणार असाल तर एकावर एक दोन आडव्या विटा साधारण ६ इंच होतात. पण नुसत्या विटांवरून पाय घसरतो. वर रबराचा तुकडा घाला आणि दोन्ही बाजूंची उंची सारखी आहे ना ते बघा. पलंग करकरायला लागला तर एकदम ८ इंचांवर जाऊ नका, ४ इंचांपासून सुरू करा.

बॉक्स बेडला पाय नसतात. त्यासाठी पाचरीच्या आकाराची फोमची उशी मिळते. ती घेताना लांबी बघा: डोक्यापासून कमरेपर्यंत पोचायला हवी, म्हणजे किमान दोन फूट. आखूड घेतलीत तर पुन्हा कमरेत घडी पडणार.

जमिनीवर गादी घालून झोपणाऱ्यांना यातलं काहीच विकत घ्यावं लागत नाही. जुन्या गोधड्या आणि सतरंज्या घ्या. सर्वांत मोठी गोधडी डोक्यापासून कमरेपर्यंत येईल अशी गादीखाली पसरा, तिच्यावर दुसरी वीतभर आखूड, तिसरी आणखी वीतभर आखूड, असं करत डोक्याकडे ६ इंच उंची येऊ द्या. पायऱ्या झाल्या तरी वर गादी आली की उतार गुळगुळीत होतो. पहिले दोन-तीन दिवस माणूस रात्रभर खाली घसरतो. गुडघ्याखाली एक लहान उशी दिली आणि गुळगुळीत चादरीऐवजी खरबरीत सुती चादर घातली की घसरणं थांबतं. दोन आठवडे तरी चिकाटी धरा. ज्यांचा त्रास मुख्यतः रात्रीचा आहे, त्यांना या एका बदलाने जेवढं बरं वाटतं तेवढं क्वचितच दुसऱ्या कशाने वाटतं.

सकाळी उठल्याबरोबर चहा लागतो. तो सोडायचाच का?

आधी त्याची जागा बदलून बघा. उपाशीपोटी कडक चहा घेण्याऐवजी पाणी, मग एक केळं किंवा मूठभर लाह्या किंवा दोन टोस्ट, आणि त्यानंतर चहा. दिवसाला दोन कप, शेवटचा पाचच्या आत. ऑफिसात दिवसभर येणारी "कटिंग" कुणी मोजत नाही, पण सहा कटिंग म्हणजे तीन कप झालेच. कॉफी चहापेक्षा जास्त जाणवते. आलं आणि दूध घातल्याने कॅफिन कमी होत नाही. पुदिन्याचा चहा मात्र टाळा. पुदिना पोटाला थंड वाटतो, पण कडी सैल करणाऱ्या पदार्थांत तो पुढे आहे. पोट फुगल्यावर ज्या पुदिन्याच्या अर्काच्या गोळ्या घेतात, त्यांनी ढेकर सुटतो आणि त्याच ढेकरासोबत आम्लही वर येतं.

कोणते पदार्थ खरोखर टाळावेत?

सगळ्यांना लागू पडेल अशी यादी नाही. जास्त लोकांना बाधणारे पदार्थ असे: तळलेलं आणि तर्रीचं, कच्चा कांदा, चॉकलेट, सोडावॉटर आणि कोल्ड्रिंक, दारू, उपाशीपोटी आंबट फळं. मिरचीचं थोडं वेगळं आहे. तिच्यातलं कॅप्सेसिन अन्ननलिकेतल्या जळजळ जाणवणाऱ्या मज्जातंतूंनाच चेतवतं, म्हणून आम्ल तेवढंच असलं तरी आग जास्त होते. अन्ननलिका आधीच सुजलेली असेल तर ठेच्याचा एक घास पुरतो. सूज उतरल्यावर तोच माणूस बेताचं तिखट आरामात खातो.

मिसळीचं उदाहरण घ्या. मटकीच्या उसळीचा दोष सर्वांत कमी. वरची तर्री, त्यावर फरसाण, कच्चा कांदा, पाव आणि शेवटी चहा, हे सगळं दहा मिनिटांत पोटात गेलेलं असतं. कट वेगळा मागवून दोन चमचेच घेतला, कांदा वगळला आणि चहा तासाभराने घेतला तर पुष्कळांना मिसळ चालते. आमरस-पुरीच्या दिवशीही दोष आंब्याचा कमी, पुरीचा आणि तिसऱ्या वाटीचा जास्त.

तूरडाळीने पित्त होतं असं घरोघरी म्हणतात. तुम्हाला तसा अनुभव असेल तर रात्री मुगाचं वरण करा. अनुभव नसेल तर उगाच सोडू नका.

मला काय बाधतं ते कसं शोधायचं?

दोन आठवडे वही ठेवा. चार रकाने पुरेत: वेळ, काय आणि किती, नंतर काय केलं, त्रास. एक नोंद अशी दिसेल: "रात्री ९:४०. तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, भात, लोणचं. १०:१५ला आडवा, मोबाइल. ११:३० जळजळ, १ वाजता घशाशी आलं." वाचणाऱ्याला लोणच्यावर शंका येईल. पण त्याच वहीत दुपारी एक वाजता तेच लोणचं खाऊन काही झालं नसेल, तर लोणचं निर्दोष आहे आणि सव्वादहा ही वेळ गुन्हेगार.

वेळा सुधारल्यावरही त्रास उरला तर संशयित पदार्थ बंद करा, पण एका वेळी एकच आणि दोन आठवडे. मग तो पुन्हा खाऊन बघा. परत आणल्यावर दोनदा त्रास झाला तरच त्याला कायमची रजा. एकदम दहा पदार्थ सोडणारी माणसं महिन्याभरात वैतागून सगळं पुन्हा सुरू करतात, आणि नेमकं काय बाधत होतं ते कधीच कळत नाही.

थंड दूध प्यायलं की लगेच बरं वाटतं. मग रोज प्यावं का?

दूध पहिली पंधरा-वीस मिनिटं आम्लाची धार कमी करतं. नंतर त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात, आणि सायीमुळे जठर उशिरा रिकामं होतं. म्हणून रात्री झोपताना पेलाभर दूध घेणाऱ्यांना पहाटे पुन्हा जाग येते. प्यायचंच असेल तर अर्धा कप, साय काढलेलं, दिवसा. ताजं गोड ताक बऱ्याच जणांना चांगलं मानवतं. शिळं आंबट ताक नाही.

खाण्याचा सोडा, फ्रूट सॉल्ट, लिंबू-सोडा?

सोडा आम्लाशी भिडला की कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. तो मोठा ढेकर म्हणजे "गॅस निघाला" नव्हे; तो गॅस तुम्ही आत्ताच तयार केलेला असतो. त्याने जठर ताणलं जातं आणि कडी उघडते. शिवाय सोडियम: ५ ग्रॅम खाण्याच्या सोड्यात सव्वा ग्रॅमहून जास्त सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादाच २ ग्रॅम आहे. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी सोड्याच्या वाटेला जाऊ नये. फ्रूट सॉल्टच्या एका पुडीतही अर्ध्या ग्रॅमहून जास्त सोडियम असतं. कधीतरी लग्नाच्या पंगतीनंतर एखादी घेणं वेगळं, रोजची पुडी वेगळी.

आमसुलाचं सार, धणे-जिऱ्याचं पाणी, मोरावळा, सूतशेखर यांचं काय?

धणे-जिऱ्याचं पाणी निरुपद्रवी आहे, खुशाल घ्या. बडीशेप चघळल्याने लाळ सुटते, आणि लाळ ही अन्ननलिकेतलं आम्ल धुऊन काढणारी आपली स्वतःची अल्कली. त्यामुळे जेवणानंतरची बडीशेप फायद्याचीच. आमसूल आणि आवळा मुळात आंबट. जेवणात पातळ सार चालतं, उपाशीपोटी कोकमचं घट्ट सरबत पुष्कळांना जाळतं. ज्येष्ठमध आठवडेच्या आठवडे खाल्ल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं.

सूतशेखर मात्र घरगुती औषध समजू नका. त्याच्या पारंपरिक पाठात पारा, गंधक, ताम्रभस्म, वत्सनाभ आणि धोतऱ्याचं बी आहे. वैद्यांनी तपासून, माप आणि मुदत सांगून दिलं तरच घ्यायचं.

"पित्त काढून टाकायला" बोटं घालून उलटी करतो. चांगलं का?

अजिबात नाही. प्रत्येक उलटीत तेच आम्ल अन्ननलिका, घसा आणि दात यांवरून जातं. दातांचं इनॅमल झिजतं आणि ते परत येत नाही. जोर लावून ओकल्यामुळे अन्ननलिकेला चीर पडून रक्तही येऊ शकतं. उलटी आपोआप झालीच तर लगेच दात घासू नका, इनॅमल त्या वेळी मऊ पडलेलं असतं. साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्ध्या तासाने घासा. उलटी केल्यावर डोकं उतरतं असा अनुभव असेल तर पहिल्या प्रश्नातल्या मायग्रेनचा विचार करा.

उपवासाच्या दिवशीच जास्त त्रास होतो. असं का?

कारण उपवासाचं ताट जड असतं. साबुदाण्याची खिचडी म्हणजे तूप, दाण्याचं कूट, बटाटा आणि हिरवी मिरची. जोडीला साबुदाणावडे, बटाट्याचा कीस आणि दिवसभर चहा. वर संकष्टीला तर चंद्रोदयाची वाट बघायची. चंद्र रात्री साधारण साडेआठ ते सव्वादहाच्या दरम्यान उगवतो. दिवसभराची भूक, त्यावर तळणीचे मोदक, आणि अकराला झोप. रिफ्लक्ससाठी याहून सोयीची रात्र नाही.

उपवास सोडायला कुणी सांगत नाही. दर तीन तासांनी थोडं खा: केळं, पपई, उकडलेलं रताळं, राजगिऱ्याची लापशी, भगर आणि ताक. भगरीसोबतच्या दाण्याच्या आमटीत कूट निम्मं घाला. संकष्टीला संध्याकाळी सहाला पोटभर फराळ करा, म्हणजे चंद्रोदयानंतर वरणभात आणि एक उकडीचा मोदक एवढ्यावर भागतं. रोजा ठेवणाऱ्यांनाही तेच: इफ्तारला खजूर, पाणी, फळं, मग थोडं थांबून जेवण, भज्यांचा ढीग समोर ठेवू नका. सहेरीनंतर पुन्हा झोपायचं असेल तर उशी नव्हे, उतार.

कपडे, वजन, घरकाम यांचा संबंध असतो का?

हो. परकराची नाडी, पट्टा, पोट आत ओढणारे घट्ट कपडे पोटावर दाब देतात. जेवायच्या आधी नाडी दोन बोटं सैल करा. जेवणानंतर दोन तास वाकून केर काढणं, फरशी पुसणं, ओणवं होऊन कपडे धुणं नको; ही कामं जेवणाआधी उरका किंवा उभ्याने पुसायचा पोछा वापरा. सूर्यनमस्कार, हलासन, सर्वांगासन किमान चार तास रिकाम्या पोटावर. वज्रासन जेवल्यावर चालतं.

वजन जास्त असेल, विशेषतः पोटाचा घेर, तर ५ ते १० टक्के घट हा औषधाइतका जोरदार उपाय आहे. ८० किलोच्या माणसाने ४ ते ८ किलो. वजन घटवण्याची आठवड्याला घ्यायची इंजेक्शनं सुरू असतील तर लक्षात ठेवा, ती जठर रिकामं होणं लांबवतात. सुरुवातीला ढेकर आणि जळजळ वाढू शकते. ताट आणखी लहान करा आणि डॉक्टरांना सांगा.

तंबाखू, मिश्री?

निकोटिनमुळे कडी सैल पडते आणि सिगरेटने लाळ कमी होते. सकाळी उपाशीपोटी मिश्री लावणाऱ्या बायका ती तंबाखूत मोजतच नाहीत, आणि डॉक्टरही विचारायला विसरतात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, मिश्री मात्र घरातल्या तव्यावरच भाजली जाते. आपण होऊन डॉक्टरांना सांगा.

गोळी रोज घेतो, पण उपयोग होत नाही.

बहुतेकदा वेळ चुकते. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल ही औषधं आम्ल सोडणारे पंप बंद करतात, पण चालू असलेलेच पंप. ते चालू होतात खाण्याने. म्हणून गोळी नाश्त्याच्या ३० ते ६० मिनिटं आधी. जळजळ सुरू झाल्यावर किंवा रात्री जेवून घेतलेली गोळी निम्मी वाया जाते. पूर्ण परिणाम यायला तीन ते पाच दिवस लागतात. लगेच आराम हवा असेल तर ते काम अँटासिड द्रवाचं, किंवा जेवणानंतर आम्लावर तरंगता थर धरणाऱ्या अल्जिनेटचं.

अँटासिड आणि थायरॉइडची गोळी यांत चार तासांचं अंतर ठेवा, लोहाची गोळी असेल तर दोन तासांचं. दुकानातून आपणच घेतलेल्या संयुक्त कॅप्सूलमध्ये बरेचदा डॉम्पेरिडोन हे मळमळीवरचं औषध असतं. ते काहींच्या हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं, म्हणून महिनोन्‌महिने आपल्या मनाने घ्यायचं औषध नाही. घरात जुनी रॅनिटिडिनची पट्टी असेल तर टाकून द्या. अशुद्धतेच्या प्रश्नामुळे अमेरिकेने ती २०२० मध्ये बाजारातून काढली आणि भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही ती २०२२ मध्ये गेली.

गोळी बंद केली की दुपटीने जळतं. म्हणजे जन्मभर घ्यायची का?

औषध थांबल्यावर काही आठवडे जठर जास्तच आम्ल सोडतं. ही उसळी असते, आजार वाढलेला नसतो. डॉक्टरांशी बोलून आधी मात्रा निम्मी, मग एक दिवसाआड, अशी उतरण घ्या आणि त्या काळात उतार व आठचं जेवण काटेकोर पाळा. वर्षानुवर्षं गोळी चालू असेल तर बी-१२ तपासून घ्या. शाकाहारी लोकांचं ते मुळातच कमी असतं. मात्र अ‍ॅस्पिरिन किंवा सांधेदुखीच्या गोळ्यांच्या जोडीला ही गोळी दिली असेल तर ती आपल्या मनाने कधीच थांबवू नका.

दुसऱ्या एखाद्या औषधाने जळजळ होऊ शकते का?

होते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांनी जठराला इजा होते. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनने कडी सैलावू शकते. डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल घोटभर पाण्याने घेऊन आडवं झालं तर ती अन्ननलिकेतच चिकटून जखम करते. पेलाभर पाणी आणि नंतर अर्धा तास ताठ बसणं, एवढं पुरतं.

गरोदरपणात जळजळ फार होते.

शेवटच्या तिमाहीत तर फारच, कारण हार्मोनमुळे कडी सैल असते आणि गर्भाशय वर दाबतं. थोडं-थोडं सहा वेळा खाणं, डावी कूस आणि उतार यांनी बरंच निभावतं. औषध लागलंच तर डॉक्टर सहसा अल्जिनेट किंवा कॅल्शियमचं अँटासिड देतात. बाळंतपणानंतर बहुतेकींचा त्रास आपोआप जातो. गरोदरपणाचे पाच महिने उलटल्यावर अचानक वरच्या पोटात तीव्र दुखणं, डोकं दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं असेल तर ती अ‍ॅसिडिटी समजू नका, त्याच दिवशी रक्तदाब तपासा.

छातीत दुखतंय, पण गॅसच असेल. थांबून बघू का?

थांबू नका. छातीत दाब किंवा आवळल्यासारखं वाटणं, दुखणं हात, जबडा किंवा पाठीत जाणं, दरदरून घाम, धाप, जिना चढताना वाढणारं दुखणं: सोडा पिऊन झोपायची ही वेळ नाही, १०८ ला फोन करा आणि ईसीजी काढा. मधुमेही माणसांना आणि बायकांना हृदयविकाराचा झटका नुसती मळमळ आणि "अपचन" म्हणूनही येतो. ढेकर आल्यावर बरं वाटलं, यावरून काहीही सिद्ध होत नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचं, आणि एंडोस्कोपी लागतेच का?

घास अडकणं, गिळताना दुखणं, कारण नसताना वजन उतरणं, उलटीत रक्त, डांबरासारखी काळी शौच, हिमोग्लोबिन कमी होणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास: यांपैकी एक जरी असेल तर लगेच. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, ते आधी सांगा. यांतलं काही नसेल तर वरचे बदल आणि आठ आठवड्यांचं औषध घेऊन बघतात. त्यानेही भागलं नाही तर एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून केलेली तपासणी. तपासणीआधी सहा ते आठ तास उपाशी राहावं लागतं, प्रत्यक्ष काम पाच-दहा मिनिटांचं. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूची तपासणी होणार असेल तर आम्ल कमी करणारी गोळी दोन आठवडे आधी थांबवावी लागते, नाहीतर जिवाणू असूनही अहवाल "नाही" येतो. तारीख घेतानाच हे विचारून ठेवा, आणि जाताना ती दोन आठवड्यांची वही सोबत न्या.